अमरियाच्या गळ्यातली डबी

एरंडोलच्या बाजारपेठेत राजकुंवरबाईंचा बोकड सकाळी कुठे असेल हे कोणी सांगू शकत नसे, आणि तो सापडेपर्यंत राजकुंवरबाई पाण्याचा थेंबही तोंडात घेत नसत. प्रियलच्या संसारात एवढी एकच अडचण होती. बाकी सगळं उत्तम आहे असं तिचा नवरा मनन म्हणायचा. पण मनन सकाळी सरकी-ढेपेच्या दुकानात जाऊन बसला की त्याला बोकडही दिसत नसे आणि आईही. त्या दोघांची गाठ घालून देण्याचं काम सुनेचं.

बोकडाचं नाव अमरिया. आठ वर्षांपूर्वी प्रियलचे सासरे हृदयाच्या दुखण्यातून उठून दवाखान्यातून घरी आले आणि पहिल्याच आठवडी बाजारात त्यांनी खाटकाच्या हातातली दोरी सोडवून हे पिल्लू घरी आणलं. मारवाडातली जुनी रीत आहे. जीव सोडवायचा, त्याच्या कानात चांदीची कडी घालायची, मग त्याच्यावर कोणी सुरी उचलायची नाही. तो अमर. सासरे मात्र दोन वर्षांनी गेले. त्यानंतर महिन्याभरात राजकुंवरबाईंनी जैन स्थानकात साध्वी महासतीजींसमोर हात जोडून नियम घेतला, की रोज अमरियाचं तोंड बघितल्याशिवाय आपल्या तोंडात पाणी घालणार नाही. किती दिवस, असं महासतीजींनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, जन्मभर.

आता बोकड अंगणात बांधला असता तर नियम दारातल्या दारात पाळून झाला असता. पण बांधणार कसा? मुक्या जीवाला बांधणं, मारणं, त्याचं अंग कापणं, त्याच्यावर जास्त ओझं लादणं आणि त्याचं दाणापाणी तोडणं, या पाच दोषांची राजकुंवरबाई रोज संध्याकाळी प्रतिक्रमणात माफी मागत. सोडवून आणलेल्याला पुन्हा दोरीच लावायची होती तर सोडवला कशाला, असा त्यांचा सवाल होता. त्यामुळे अमरिया मोकळा. त्यात दिवस मावळल्यावर त्या काही खात-पीत नसत, म्हणजे बोकड सूर्यास्तापर्यंत दिसला नाही तर गोष्ट थेट दुसऱ्या सकाळवर जायची. मधुमेह होता तो वेगळाच.

बाजारात अमरियाला सगळे शेठ म्हणत. शेठ पहाटे निघायचा. भाजीबाजारात कोथिंबिरीच्या जुड्या हुंगून, बसस्टँडवर केळ्यांच्या साली खाऊन, तो कधी अंजनी नदी ओलांडून हिलालभाऊंच्या केळीच्या मळ्यात जायचा, कधी कोर्टाच्या आवारात वडाखाली रवंथ करत बसायचा. कानातली चांदी बघून कोणी त्याला हात लावत नसे आणि हाकलतही नसे. मग प्रियलने स्कूटर काढायची, गल्ल्या पालथ्या घालायच्या, सापडला की घरी येऊन सासूला मागे बसवायचं आणि बोकडापर्यंत न्यायचं. राजकुंवरबाई उतरत, त्याच्या तोंडाकडे नीट बघत, हात जोडत. बोकड त्यांच्याकडे बघतही नसे. हे रोज.

प्रियल इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर होती. जळगावच्या कॉलेजात तिचा वर्गात दुसरा नंबर होता, आणि लग्न झाल्यापासून चार वर्षांत त्या पदवीचा उपयोग टीव्हीच्या रिमोटचे सेल बदलण्यापुरता झाला होता. घरात काही बिघडलं की मनन म्हणायचा, अगं तू बघ ना, तुला येतं. आणि काही दुरुस्त झालं की म्हणायचा, चला, आपोआप झालं.

फेब्रुवारीत एक दिवस बोकड दुपारी चारला सापडला, आणि तोपर्यंत राजकुंवरबाई स्वयंपाकघरात कोसळल्या होत्या. साखर अठ्ठेचाळीसवर गेली होती. डॉक्टर मननला काही बोलले नाहीत, राजकुंवरबाईंना तर नाहीच. ते प्रियलला बोलले. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला कळायला हवं, पुन्हा असं झालं तर मी जबाबदारी घेणार नाही. प्रियलने मान डोलावली. मनात आलं, सांगावं यांना, की या घरात शिकलेली मी आहे पण नियम घेणारी मी नाही, आणि बोकड तर माझ्या हातात मुळीच नाही. पण औषधांचा कागद घेऊन ती बाहेर आली.

त्याच आठवड्यात ती जळगावला जाऊन सामान घेऊन आली. जागा ओळखणारा जीपीएसचा तुकडा, रेडिओचे दोन बोर्ड, एक बॅटरी, थोडी वायर. मुखवासाची रिकामी प्लॅस्टिकची डबी घेतली, तिच्यात सगळं बसवलं, गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी अँटेना उभा केला. डबी बोकडाच्या गळ्यात, ती रेडिओवरून जागा सांगणार, गच्चीवरचा बोर्ड ते ऐकणार आणि प्रियलच्या फोनवरच्या नकाशात ठिपका दिसणार. तीन दिवसांत काम झालं. मग ते सासूला दाखवलं, आणि तिथे घोडं अडलं.

डबी अडकवायचा पट्टा चामड्याचा होता. तो तर हातात धरण्याच्याही लायकीचा नव्हता. प्रियलने सुती नाडी आणली. नाडी म्हणजे बांधणं नाही का, असा प्रश्न आला. प्रियलने नाडीला अशी गाठ मारून दाखवली की थोडा हिसका बसला की ती सुटून पडेल. मग डबीतल्या बारक्या भोंग्यावर गाडी आली. भोंगा वाजला तर जीव दचकेल, दचकवणं हे मारण्यासारखंच. भोंगा काढला. मग ओझं. राजकुंवरबाईंनी डबी दुकानातल्या काट्यावर ठेवायला लावली. तीनशे दहा ग्रॅम भरली.

"आधी तू गळ्यात घालून बघ, बिनणी," त्या सुनेला म्हणाल्या. "दिवसभर. जड वाटली नाही तर त्याला घालू."

प्रियलने ती डबी एक अख्खा दिवस गळ्यात घातली. स्वयंपाक केला, दळण आणलं, भाजी आणली, दुकानात बसली. डबीवर लाल दिवा लुकलुकत होता. सगळ्या पेठेने चौकशी केली. हिलालभाऊ ढेप न्यायला आले होते, त्यांनी बराच वेळ बघून विचारलं, "वहिनी, तुमना गयामा हाई काय शे?" बोकडाचं आहे, असं तिने सांगितलं, आणि ते ढेपेचं पोतं उचलून निघाले. संध्याकाळी मान आखडली होती. पण जड वाटली असं म्हटलं असतं तर सगळं मुसळ केरात गेलं असतं, म्हणून ती म्हणाली, फुलासारखी हलकी आहे.

पहिल्याच दिवशी अमरियाने डबीतून बाहेर आलेली अँटेनाची वायर खाल्ली. दुसरी वायर तिने नळीत घालून लावली, तर शेठ केळीच्या मळ्यात गेला आणि ठिपका नाहीसा झाला. केळीच्या त्या रुंद, पाण्याने भरलेल्या पानांनी सगळा रेडिओ गिळून टाकला. बिचारी गच्चीवर टाकीशेजारी अँटेना हलवत उभी, खाली सासू उपाशी, आणि मननचा दुकानातून फोन, की जमतंय का ग, नाहीतर जाऊ दे. जाऊ दे म्हणजे कुठे जाऊ दे, हे त्याला विचारायचं तिने टाळलं. तिने रेडिओ काढून टाकला आणि सिमकार्ड घालायचा बोर्ड बसवला. आता डबी मोबाइलच्या टॉवरवरून दर दहा मिनिटांनी जागा कळवू लागली. वजनही कमी झालं, दोनशे पाच ग्रॅम.

आणि ते चाललं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून बोकड सकाळी सात वाजता नकाशावर असे. प्रियल पहिल्यांदा ठिपका बघून गच्चीवर एकटीच हसली होती. धावत खाली येऊन तिने फोन सासूपुढे धरला. राजकुंवरबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, ठिपक्याला तोंड कुठे असतं? नियम तोंड बघण्याचा होता. म्हणजे स्कूटर होतीच, मागे बसवून नेणं होतंच. फक्त शोधणं गेलं. तेही काही कमी नव्हतं, राजकुंवरबाई रोज साडेसातला पाणी पिऊ लागल्या, गोळ्या वेळेवर होऊ लागल्या, साखर ताब्यात आली. डॉक्टर म्हणाले, छान, आहार सांभाळलेला दिसतोय. सासूबाई त्या यंत्राला 'तो डबा' म्हणत. प्रियलला या गोष्टीचा राग यायचा आणि असल्या गोष्टीचा राग येतो म्हणून स्वतःचाही यायचा.

मे महिन्याच्या मध्यावर एका सकाळी ठिपका नदीपलीकडे मळ्याजवळ होता. प्रियल सासूला बसवून निघणार तेवढ्यात तो हायवेवर आला. दहा मिनिटांनी तो पारोळ्याच्या रस्त्यावर होता, आणि बोकड कितीही धावला तरी दहा मिनिटांत नऊ किलोमीटर जात नाही. ती सासूला तशीच ओट्यावर सोडून मळ्यात गेली. हिलालभाऊ पंपाजवळ उभे होते, त्यांचा चेहरा पडलेला.

"दोन जण उनात," ते म्हणाले. "मी सांगं त्यासले, हाऊ शेठ शे, बठ्ठा गावना शे. त्या म्हनेत, गयामा वायर बांधी दिन्ही शे, मुका जीवना हाल करी राह्यनात. गाडीमा बसाडं आन् लई गयात."

कोण होते, कुठले होते, काही नाही. पांढरी जीप, एवढंच.

मननने दुकान नोकरावर सोडलं आणि ढेप पोचवायचा छोटा टेम्पो काढला, बोकड परत आणायचा तर त्यातच आणावा लागणार होता. आईकडे स्वतःचा फोन नव्हता म्हणून त्याने आपला फोन तिच्या हातात दिला. आमच्याशी बोलता येईल, काळजी करू नकोस, असं सांगून तो टेम्पोत बसला. राजकुंवरबाई ओट्यावर बसून होत्या, हातात माळ. काही खाऊन घ्या, एक दिवस, असं म्हणायला प्रियलने तोंड उघडलं होतं, पण त्यांनी नुसतं वर बघितलं आणि ती मुकाट्याने टेम्पोत चढली.

पारोळ्यात पोचेपर्यंत ठिपका थांबला. थांबला म्हणजे बोकड थांबला असं नाही, डबीकडून काही येणंच बंद झालं. शेवटची जागा होती धुळ्याच्या बाजूला, गावाबाहेर. त्या जागी एक पंक्चरचं दुकान होतं आणि त्याला जीप आठवत नव्हती. पारोळ्यातल्या गल्ल्या बघितल्या, खाटीकवाडा बघितला. बाजार समितीचं आवार बघितलं. बारा वाजले, एक वाजला. ऊन असं की टेम्पोच्या दाराला हात लावला तर चटका बसत होता. प्रियल दर दोन मिनिटांनी नकाशा उघडत होती आणि नकाशा रिकामा होता. मनन म्हणाला, तुझं ते यंत्र ऐन वेळी बंद पडलं बघ. तिने पुन्हा नकाशा उघडला, कारण बोलली असती तर टेम्पो तिथेच सोडून चालत एरंडोलला गेली असती.

दोन वाजता घरी फोन केला. राजकुंवरबाई म्हणाल्या, मी बरी आहे. आवाज कोरडा होता, जीभ टाळूला चिकटल्यासारखा. आदल्या दिवशी सूर्यास्तापासून त्या पाण्याविना होत्या आणि बाहेर चव्वेचाळीस अंश होते. प्रियलने फोन ठेवला. भीती होती आणि तितकाच संताप होता, दोन्ही एकत्र, कुठलं जास्त हे तिला सांगता आलं नसतं. सासू मेली तर बोकडामुळे मरणार होती, आणि गावात नाव होणार होतं सुनेच्या डबीचं.

ते धुळ्याला पोचले तेव्हा चार वाजायला आले होते. तिथे एका चहाच्या टपरीपाशी फोन वाजला आणि नकाशावर ठिपका उगवला. नरडाण्याच्या अलीकडे, हायवेपासून थोडा आत. धुळ्यापासून आणखी तीस किलोमीटर. मनन चहा तसाच ठेवून टेम्पोत बसला.

तिथे एक पांजरापोळ होती. उंच भिंत, आत पत्र्याच्या शेड, गाई, वासरं, लंगड्या म्हशी, आणि एका कोपऱ्यात हिरव्या चाऱ्यात तोंड खुपसून अमरिया. शेठच्या गळ्यात डबी नव्हती. ती कार्यालयातल्या टेबलावर होती, लाल दिवा लुकलुकत. पारोळ्याजवळच ती काढून जीपमधल्या लोखंडी पेटीत टाकली होती आणि नंतर इथे लोखंडी कपाटात बंद होती, म्हणून मुकी झाली होती. आता विश्वस्त अभयकुमारजींनी ती भेटायला आलेल्या कोणाला दाखवायला बाहेर काढली होती, की बघा, लोक जनावरांवर काय काय प्रयोग करतात.

अभयकुमारजी धुळ्याचे कापडाचे व्यापारी, पांढरा सदरा, कपाळावर घाम, अत्यंत सज्जन. त्यांनी आधी दोघांना पंख्याखाली बसवलं, ताक मागवलं. मग ऐकून घेतलं. मनन सांगत होता की बोकड आमच्या घरचा आहे, वडिलांनी खाटकाकडून सोडवलेला आहे, कानातली कडी बघा. अभयकुमारजी म्हणाले, कडी बघूनच तर आमच्या माणसांनी त्याला गाडीत घेतलं. अमर केलेला जीव, आणि त्याच्या गळ्यात वायर. कोणीतरी त्याला पुन्हा विकायला नेतोय असंच त्यांना वाटलं.

म्हणजे सोडवलेल्या बोकडाला त्यांनी दुसऱ्यांदा सोडवलं होतं. प्रियलला हसावं की टेबल उलटं करावं कळेना.

पण बोकड परत मिळणार नव्हता. पांजरापोळीत एकदा जीव आला की तो बाहेर जात नाही. मालकालाही देत नाहीत, भाऊबंदालाही नाही. पूर्वी असे बरेच मालक म्हणवणारे आले, जनावर घेऊन गेले आणि आठवड्यात ते कत्तलखान्यात निघालं. तुम्ही तसे नाही हे मला दिसतंय, पण नियम तो नियम, असं अभयकुमारजी हात जोडून म्हणाले. पुन्हा तोच शब्द. घरातला एक नियम कमी होता म्हणून आता हा दुसरा.

तिने फोन काढला आणि घरी व्हिडिओ कॉल लावला. शेडमध्ये जाऊन अमरियाची शिंगं धरून त्याचं तोंड फोनपुढे आणलं. पलीकडे राजकुंवरबाईंचा चेहरा दिसला, ओठ पांढरे पडलेले.

"बघा," प्रियल म्हणाली. "हे तोंड. हा जिवंत आहे, चारा खातोय. आता पाणी प्या."

राजकुंवरबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाल्या, "हे चित्र आहे बिनणी. चित्राचं दर्शन कसं घेऊ?"

चार वर्षं जे आत दाबलेलं होतं ते शेडमध्ये, म्हशींसमोर बाहेर आलं. प्रियल म्हणाली, तुमच्यासाठी मी गळ्यात डबी घालून पेठेत फिरले, ओझं जास्त होतं का हे तुम्ही बोकडासाठी विचारलंत, माझ्यासाठी नाही विचारलंत. सूर्य मावळायला दोन तास आहेत आणि घर पंच्याण्णव किलोमीटर. "आता मनन शंभरने गाडी हाणणार. वाटेत काही झालं आमचं, तर तुमचा नियम तेवढा शाबूत राहील," ती म्हणाली, आणि पुढे बरंच म्हणणार होती, पण फोन काळा पडला. दिवसभर नकाशा उघडा ठेवून तिने त्याची बॅटरी संपवली होती. दुसऱ्याच्या गळ्यातल्या डबीची बॅटरी ती रोज न चुकता भरत असे.

मागे अभयकुमारजी उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. कोण आहेत त्या, कालपासून पाणी नाही का, असं त्यांनी विचारलं. प्रियलने सांगितलं. मग त्यांच्या डोळ्यांत बघून तिने तेही सांगितलं जे सासू रोज संध्याकाळी म्हणते, की कोणत्याही जीवाचं दाणापाणी तोडणं हा पाचवा दोष. "माझी सासू जीव आहे का नाही, तेवढं सांगा," ती म्हणाली. "म्हणजे तिचं पाणी कोणी तोडलं ते ठरवता येईल."

अभयकुमारजींनी डोळे मिटले. त्यांना फार त्रास झालेला दिसत होता, आणि प्रियलला त्या क्षणी त्यांची मुळीच दया आली नाही. मग ते कार्यालयात गेले, वही उघडली, आणि लिहिलं की हा जीव एका श्राविकेच्या दर्शनासाठी तिच्या घरी अमानत म्हणून पाठवला आहे, मालकी संस्थेचीच. प्रियलकडून त्यांनी वचन घेतलं की बोकड कधी विकणार नाही आणि गळ्यात वायर पुन्हा बांधणार नाही. तिने दोन्हीला हो म्हटलं. त्यांनी मागितली असती तर तिने आणखी पाच वचनं दिली असती. निघताना त्यांनी खमतखामणा, म्हणजे चुकलं असेल तर क्षमा, म्हणून हात जोडले, आणि चारा बरोबर दिला.

मननने खरंच गाडी हाणली. आयुष्यात पहिल्यांदा. टेम्पो थडथडत होता, मागे बोकड पाय रोवून उभा होता, प्रियल उजव्या हाताला खाली उतरणाऱ्या सूर्याकडे बघत होती आणि धुळ्यानंतर तो पाठीशी गेला तरी मान वळवून बघत होती. फोन बंद, टेम्पोत चार्जर नाही, आणि निघताना अभयकुमारजींच्या फोनवरून घरी विचारून घ्यावं हे घाईत दोघांनाही सुचलं नव्हतं. फागण्याजवळ कापसाच्या गाठींचा ट्रक आडवा झाला होता. तिथे पस्तीस मिनिटं गेली. मनन स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसला आणि म्हणाला, आई मरेल ग. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. चार वर्षांत त्याने पहिल्यांदा तिला जे वाटत होतं तेच म्हटलं होतं.

पारोळा गेलं तेव्हा सूर्य मावळला होता. घरापुढे टेम्पो थांबला तेव्हा साडेसात होत आले होते.

राजकुंवरबाई ओट्यावर बसल्या होत्या. शेजारी रिकामा तांब्या, पालथं भांडं, धुतलेलं ताट. मननने आई म्हणून हाक मारली. प्रियल टेम्पोतून उतरून त्या ताटाकडे बघत उभी राहिली.

"पाणी प्यायले," राजकुंवरबाई म्हणाल्या. "तुझा फोन बंद झाला तेव्हाच. दोन फुलके खाल्ले, गोळी घेतली."

"अमरियाचं तोंड न बघता?"

"न बघता."

मनन म्हणाला, मग आम्ही, आणि थांबला. प्रियलने विचारलं, मग आम्हाला सांगितलं का नाही, आम्ही तिकडून जीव मुठीत धरून आलो.

राजकुंवरबाईंनी मननचा फोन पुढे केला. त्यांना फोन लावता येतो हेच प्रियलला माहीत नव्हतं. पडद्यावर तिचंच नाव होतं, एकाखाली एक, सत्तावीस वेळा. "हेच सांगायला लावत होते," त्या म्हणाल्या. "मी पाणी प्यायले, तुम्ही सावकाश या. अमरियाच्या तोंडासाठी तुझं तोंड बघायचं राहिलं असतं, तर कोणाजवळ माफी मागितली असती मी?"

प्रियल पायरीवर बसली आणि रडायला लागली. ते रडणं गोड नव्हतं. ती चिडून रडत होती, नाक ओढत, आणि मधेच म्हणत होती की हे सकाळीच प्यायचं होतं ना, सकाळी नऊला. सहा वर्षांचा नियम मोडला होता राजकुंवरबाईंचा. त्यांनी उठून सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला, मग टेम्पोजवळ जाऊन अमरियाकडे बघितलं. शेठ चारा खात होता.

तिसऱ्या दिवशी त्या स्थानकात गेल्या. महासतीजींनी त्यांचं वय आणि दुखणं बघून हलकं प्रायश्चित्त दिलं, रोज पाच माळा जास्त. जुना नियम सुटला. या वयात असा कडक नियम पुन्हा घेऊ नका, असंही सांगितलं. प्रियलला हे कळलं तेव्हा तिला वाटलं, आपण सुटलो. बोकड आता कुठेही जावो. तिने डबी उघडली, बोर्ड आणि बॅटरी कागदात गुंडाळून कपाटात ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी आरामात उठायचं ठरवलं.

सकाळी पावणेसातला दारावर टकटक झाली. राजकुंवरबाई ताट घेऊन उभ्या होत्या. ताटात गरम फुलका, तूप, मेथीची भाजी. त्यांनी नवा नियम घेतला होता, अगदी सोपा, महासतीजींनीसुद्धा हसून परवानगी दिली होती. घरातल्या सुनेने दोन घास खाल्लेले बघितल्याशिवाय आपण पाणी प्यायचं नाही.

प्रियलला सकाळी साडेदहापर्यंत अन्नाचा वाससुद्धा सोसत नसे. माहेरी, हॉस्टेलवर, या घरात, आजपर्यंत कधीच नाही. हे आधी मला विचारायचं तरी, असं ती म्हणणार होती. पण समोर तांब्या झाकलेला होता, भांडं त्याच्यावर पालथं होतं, आणि सासू पाटावर बसून तिच्या तोंडाकडे बघत होती. रोज बोकडाकडे बघत तशी, नीट, काही सुटू न देता.

"किती दिवसांचा?" प्रियलने विचारलं.

"जन्मभर."

प्रियलने फुलक्याचा तुकडा मोडला, तुपाला लावला आणि डोळे मिटून गिळला. डोळे उघडले तर भांडं अजून पालथंच होतं.

"एकच झाला," राजकुंवरबाई म्हणाल्या.